बायाच्या हातातला दोर

लोणावळ्याजवळ औंढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथला कान्हू. पन्नाशीचा गडी, पण झाडावर असा चढायचा की खालून बघणाऱ्यानं डोळेच मिटावेत. लोणावळ्यात कुणाच्या बंगल्यावर झाड झुकलं, फांदी पत्र्यावर आली, की बोलावणं त्यालाच. आणि कान्हू आला की त्याची बायको बाया आलीच. तो वर, ती खाली, आणि मधे त्याच्या कमरेचा दोर. त्या दोराला तिसऱ्याचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. लोक हसायचे, "बायकोनं बांधून ठेवलाय!" हसोत बापडे. तेवीस वर्षांत गडी एकदाही पडला नव्हता.

दोर वरच्या बेचक्यातून खाली यायचा आणि बाया त्याचा बुंध्याला वेढा घालून टोक धरायची. कान्हूला जागा बदलायची असली की तो वरून कुकारा घालायचा. मग बाया वेढा सोडायची, आणि तेवढा वेळ नवऱ्याचा सगळा जीव तिच्या दोन मुठींत. त्या वेळी खाली कुणी जागचं हलायचं नाही. बंगल्यात शिरल्याबरोबर कान्हू हे दटावून सांगायचा.

प्रज्ञेश साहेबांच्या बंगल्यावरही सांगितलं. तिथलं जांभळाचं झाड चांगलं जुनं, एक दांडगी फांदी काचेच्या छपरावर टेकलेली. साहेबांना मात्र शेंडाच उडवून हवा होता, म्हणजे दरी दिसेल.

"शेंडा मारला तर आतनं कुजंल साहेब, मंग पुरं झाड तुमच्या घरावर यील. येवडी एक फांदी काढू," कान्हू म्हणाला. साहेब "बरं" म्हणून व्हरांड्यात जाऊन बसले.

खरी पीडा होती केअरटेकर पप्पू. हा नवलाख उंबरे गावचा, आधी हायवेवर बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या क्रेनवर होता. जगात जे अडकलंय ते ओढलं की निघतं, एवढंच या शहाण्याला ठाऊक! दुपारी पाहुणे यायचे होते, त्याचा जीव नुसता खालीवर होत होता.

कान्हूनं फांदी हळू खाली सोडायला तिला दोरखंड बांधला, खालून खाच घातली, वरून निम्मी करवत चालवली. आता बुंध्याकडं सरकायचं म्हणून त्यानं कुकारा घातला. बायानं वेढा सोडला. पप्पूनं फांदीचा दोरखंड गुपचूप जीपच्या हुकाला अडकवून ठेवला होता. त्यानं नेमका तेव्हाच गिअर टाकला.

फांदी तुटली नाही, फाटली. करकरत उभी चिरत गेली, खोडाची साल सोलून निघाली आणि कान्हूच्या पायाखालचं सगळं गेलं. तो छातीनं बुंध्यावर आदळला. बरगड्या मोडल्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला. मग तो सुटलाच खाली. मेलो, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. आणि दोर थांबला.

खाली बाया फरफटत येऊन बुंध्याला धडकली होती. कपाळ फुटलं होतं. दोर तिच्या तळव्यांतून सरसरत गेला होता, कातडं, मांस, जे मधे आलं ते घेऊन. रक्तानं सगळा दोर माखला होता. पण तिनं तो सोडला नव्हता.

बुंध्याला धरत उतरलेल्या कान्हूचे पाय जमिनीला लागले तेव्हा कमरेचा कोयता त्याच्या हातात होता. पप्पू जीपमधून उतरत म्हणाला, "अरे, निघाली ना फांदी!"

बस्स. कान्हूनं त्याला केसांना धरून बोनेटवर आपटला, एकदा, दोनदा, तीनदा. दात निखळून पत्र्यावर पडले. पप्पूनं कसाबसा हाताला लागलेला लोखंडी पान्हा घेऊन त्याच्या मोडक्या बरगड्यांत हाणला, तरी हा सोडेना. त्याला मातीत लोळवून छातीवर बसला आणि कोयता उचलला. साहेब व्हरांड्यातून नुसतेच ओरडत होते, पुढं यायची कुणाची छाती! खरं सांगायचं तर कान्हूला त्या वेळी पप्पूचं नरडंच हवं होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

बायाला हातांनी काही धरता येत नव्हतं. तिनं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. कोयता पडेस्तोवर दात सैल केले नाहीत.

"तुला मराया दिला न्हाई मी, ते काय फासावर द्याया?" ती किंचाळली.

कान्हू उठला, आणि लहान पोरासारखा रडला.

पुढं साहेबांनी प्रकरण मिटवलं. बरगड्या दोन महिन्यांत जुळल्या, पण बायाची बोटं काही पुन्हा मिटली नाहीत. कान्हू तिला भाकरी भरवायचा. त्यांचा थोरला गणेश म्हणाला, "आबा, दोर मी धरतो." कान्हू म्हणाला, "न्हाई. झाड बंद." करवत त्यानं माळ्यावर फेकून दिली आणि तो दिवसदिवस उंबऱ्यात बसून राहू लागला. माणूस आतून सुकत चालला होता, हे बायाला दिसत होतं.

वैशाखात शेजारच्या गावातून झुंबरबाईंचा निरोप आला. म्हातारी एकटी, वाळलेली आंब्याची फांदी थेट तिच्या चुलीवर आलेली. कान्हू नाही म्हणायच्या आत बाया खांद्यावर दोर टाकून चालूसुद्धा लागली. माळ्यावरची करवत काढून त्याला मागं जावंच लागलं.

आंब्याखाली ती उभी राहिली आणि पदर खोचून म्हणाली, "बांध हितं. कमरेला. हात न्हाईत, पर वजन हाय की माझं."

"अगं, मी पडलो तर तू बी वर वडली जाशील. मरशील!"

"मंग पडू नगंस."

कान्हूनं गाठ मारली. दोनदा ओढून बघितली आणि चढायला लागला.