घाटावरचं इंग्रजी

देवराव बोरकर सरांचा विद्यार्थी इंग्रजी बोलायला उभा राहिला की समोरच्याला वाटायचं, याच्या घरी मयत झालं. लोक हसतात यावर. हसा. पण आधी पूर्ण ऐका. अर्धवट ऐकून हसणाऱ्यांशी माझं जमत नाही.

सर दिवसा तारघरात नोकरी करायचे आणि संध्याकाळी आमच्या भागातल्या कॉलेजात पोरांना नोकरीपुरतं इंग्रजी शिकवायचे. मुलाखतीत काय बोलायचं, टेलिफोनवर काय, साहेबापुढं उभं कसं राहायचं, सगळं. मे महिन्यातही अंगात काळा कोट. नागपूरचा मे! मी एकदा म्हटलं, "सर, भाजून राहिले ना तुम्ही."

"मनकर्णाबाई, इंग्रजी थंड देशाची आहे. तिले कोट लागते."

त्यांचं स्वतःचं इंग्रजी तारांवर पोसलेलं. आणि त्या काळी गरिबाच्या घरी तार यायची ती बहुतेक कोणी गेल्याचीच. त्यामुळे सरांचं दुःखाचं इंग्रजी एकदम पक्कं होतं. आनंदाचं जरा कच्चं.

वस्तीतल्या कुठल्याही कामासाठी भांडायला मी पुढं, तशी वर्गाची खोलीही मीच भांडून मिळवली होती. कॉलेजच्या संस्थेचे सेक्रेटरी होते चंपतराव, त्यांच्या दारात मी चटई टाकून बसले. "चौथी शिकलेल्या बाईले कॉलेजात काय काम?" असं ते म्हणाले. त्यावर मी जे म्हणाले ते छापायला कोणी तयार होणार नाही. खोली मिळाली. पण एकोणऐंशी साल उजाडलं आणि चंपतरावांनी डोकं वर काढलं.

"सर, औंदा एक तरी पोरगं इंग्रजीच्या जोरावर नोकरीले लागू द्या. नाही तं खोलीत शिलाई मशिनी ठेवतो. मशिनी निदान बोलत नाहीत, शिवतात तरी."

सर त्या दिवशी चहाही न पिता गेले. वर्ग गेला असता तर त्या माणसाजवळ नुसता कोट उरला असता.

पोरं हुशार होती. अडचण होती हसण्याची. लहानू ताडमाड उंच, बी.ए.ला. त्यानं "माय नेम इज" म्हटलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "अबे, लाटसाहेब आले, खुर्ची आणा!" लहानू खाली बसायचा तो दुसऱ्या दिवशीच उठायचा. गोपिकाची तऱ्हा वेगळी. दुसरे हसायच्या आत ती स्वतःच हसून घ्यायची, त्यामुळे तिचं एक वाक्य कधी शेवटाला गेलं नाही.

सर कपाळाला हात लावून म्हणाले, "नागपुरात अशी एक जागा सांगा, जिथं मानूस बोलायले उभा राहिला तं कोनीच हसत नाही."

मी आधीच तापलेली. म्हटलं, "घाट!"

मी टोमणा मारला होता. सरांनी तो उचलून खिशात घातला.

आमच्याकडे घाटावर, म्हणजे स्मशानात, चितेला अग्नी दिला की तिथंच शोकसभा होते. ओळखीचा असो, बिनओळखीचा असो, कोणीही उठून चार शब्द बोलावे. पुढच्या रविवारी सरांनी सगळा वर्ग नाग नदीच्या काठच्या घाटावर नेऊन उभा केला. गांधीबागेतले कापडाचे दलाल महादेवराव गेले होते. आमच्यातला एकही जण त्यांना ओळखत नव्हता.

एक म्हातारा गोपिकाला अडवू लागला. "बायांनी घाटावर येऊ नये, बाई."

"काहून गा?" मी विचारलं. "बाया मरत नाहीत का? का त्याइले घरीच ठेवून घेता?"

म्हातारा सरकला. लहानू उठला. सरांनी सांगून ठेवलं होतं, मान खाली, हातावर हात, आवाज हळू, घाई अजिबात नाही, कारण ज्याच्याबद्दल बोलतो आहेस त्याला आता कुठली गाडी पकडायची नाही. आधी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, मग तोंड उघडायचं. लहानूनं सगळं केलं. तोंडही उघडलं. पण त्याला पाठ काय होतं? नोकरीचा अर्ज. तोच त्यानं महादेवरावांच्या नावानं म्हटला.

"महादेवराव इज हार्डवर्किंग. महादेवराव इज पंक्चुअल." मग एक मोठा श्वास. "ही इज रेडी टु जॉइन इमिजिएटली. एनी प्लेस."

ताबडतोब रुजू व्हायला तयार, कुठल्याही ठिकाणी! मी पदर तोंडात कोंबला. पण दुसरं कोणी हसलं नाही. महादेवरावांचा थोरला लेक तर लहानूच्या गळ्यात पडून रडला. "बापूनं जन्मभर कापड मोजलं. पन शेवट इंग्रजीत झाला!"

झालं. गांधीबागेत बातमी पसरली. पंधरवड्यात लोक सरांना शोधत तारघरात यायला लागले. "आमच्या काकाले इंग्रजी पायजे." एका घरात तर भांडण लागलं. शेजाऱ्याच्या बापाला दोन पोरं बोलली, आमच्याला एकच काहून? सर सगळ्यांना हो म्हणायचे. पोरं रविवारी दोन दोन ठिकाणी बोलू लागली. लहानूची भीती गेली. गोपिकाचं हसू गेलं. इंग्रजी असं संथ आणि भरून आलेलं यायला लागलं की बिनओळखीच्या बाया डोळे पुसायच्या.

तेवढ्यात कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपाच्या कारखान्याची जाहिरात आली. ऑफिसात इंग्रजी बोलणारा माणूस हवा. बाई चालेल. सरांनी लहानू आणि गोपिकाला पाठवलं. सोबत मी, कारण कारखान्याच्या फाटकावरचे चौकीदार माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत.

मुलाखत घेणारे साहेब मद्रासकडचे. मराठीचा गंध नाही, हिंदी कामापुरती. मी व्हरांड्यातल्या खिडकीला कान लावला. लावला तर लावला. वर्गात मागं बसून बसून मलाही पुष्कळ समजायला लागलं होतं.

लहानू आत गेला. मान खाली. हातावर हात. आणि गप्प. साहेबांनी नाव विचारलं, तरी गप्प, कारण दोन मिनिटं व्हायची होती. साहेब बावरले. हळूच उभे राहिले. ते उभे म्हणून शेजारचे दोघेही उभे. शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा. मग लहानूनं त्या भरलेल्या आवाजात सुरू केलं, "फ्रेंड्स..." आणि साहेबांनी टेबलाला वळसा घालून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, घर जाओ. ये सब बाद में होता रहेगा."

लहानू बाहेर आला तो खुशीत. "मावशी, साहेब लय चांगले आहेत. उभे राहिले माह्यासाठी!"

मी त्याला बाकावर बसवलं आणि गोपिकाचा हात धरला. "पोरी, आत गेली की हास. जरा तरी हास."

"येत नाही आता, मावशी," ती म्हणाली. आणि गेली.

ती बसते न बसते तोच टेबलावरचा फोन वाजला. हैदराबादकडचा कोणी व्यापारी. पंप जळाला म्हणून इंग्रजीत असा ओरडत होता की खिडकीबाहेर मलाही शब्द न् शब्द ऐकू येत होता. साहेबांनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. मग काय मनात आलं कोण जाणे, तो गोपिकापुढे केला. "टॉक."

गोपिकानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मान आपोआप खाली गेली.

"सर," ती म्हणाली, "वुई आर व्हेरी सॉरी फॉर युवर लॉस."

पलीकडचा ओरडणं विसरला.

"इट वॉज अ गुड पंप, सर. डे अँड नाइट इट गेव्ह वॉटर. इट नेव्हर आस्क्ड फॉर एनीथिंग." इथं ती थांबली, सरांनी शिकवलं होतं तेवढीच. "इन धिस सॅड अवर, द होल कंपनी इज विथ युवर फॅमिली."

मग तो व्यापारी एकदम मऊ आवाजात बोलला. पंप तसा म्हाताराच झाला होता म्हणे. कधी तरी जायचाच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, सिस्टर. आणि नवे दोन पाठवा.

साहेबांनी गोपिकाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. तक्रारी ऐकायच्या टेबलावर तिला त्याच महिन्यात बसवलं. लहानू पुढं वकील झाला. कोर्टात तो उभा राहिला की अजूनही पक्षकार आधी घाबरतो.

सरांनी ही बातमी तारघरात ऐकली आणि पहिल्यांदा मी त्यांना कोट काढताना पाहिलं. घाम पुसला, पुन्हा घातला.

खोलीचा निकाल लागायचा होता. चंपतराव स्वतः वर्गात आले. नोकरीचा कागद उलटसुलट पाहिला. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. घसा खाकरला.

"खोली ठेवा तुमच्याजवळ. पन सर, एक होतं. माह्या वेळेले, घाटावर... तो लहानू नको. गोपिकाच पायजे."

सरांनी खिशातून पेन काढलं.

"तिले कारखान्यातून सुट्टी काढा लागते, चंपतराव," ते म्हणाले. "आठ दिवस अगोदर कळवा."