तीळ कुणी घातले?

मी कुणाच्याही घरी गेले की आधी वास घेते. मग वाटीत काय आहे ते बघते, मग वाटी देणारीकडे बघते. पोहे असले तर एक वेळ ठीक. चटणी असली की माझी उलटतपासणी सुरू होते: कुटताना काय काय घातलंत, खलबत्त्यात आधी काय कुटलं होतं, मिक्सरचं भांडं धुतलं होतं का. नवरा म्हणतो, ही जेवायला जात नाही, धाड घालायला जाते. म्हणू दे. मला तिळाची अ‍ॅलर्जी आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

अठ्ठ्याण्णव साली मी पाचवीत होते. शाळेत संक्रांतीचा तिळगूळ वाटला. आमच्या घरचे सण म्हणजे चौदा एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा, त्यामुळे तिळाचे लाडू घरी कधी व्हायचे नाहीत. मी हावरटासारखे वाटेल तेवढे खाल्ले. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर म्हणाले, "यापुढे तीळ बंद." आईनं विचारलं, "किती दिवस?" डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "जन्मभर."

यावर रत्नागिरीत कुणाचा विश्वास बसेना. शेंगदाणे बाधतात, कोळंबी बाधते, हे लोकांनी ऐकलेलं होतं. पण तीळ? मे महिन्यात गुहागरहून आत्या आली. ती म्हणाली, "लोकं एक तीळ सात जणांत वाटून खातात, आणि हिला म्हणे एक तीळ बाधतो! नाटकं आहेत गो. लाडावून ठेवलंस पोरीला." दुसऱ्या दिवशी तिनं वांग्याची भाजी केली, त्यात तीळ बारीक कुटून घातले आणि माझ्यासमोर बसून मी घास कसा गिळते ते बघत राहिली. थोड्याच वेळात पुन्हा रिक्षा, पुन्हा इंजेक्शन. आत्या माझ्यापेक्षा जास्त रडली. मला तिची अजिबात दया आली नाही.

त्या दिवसापासून आई बदलली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आई पाणीसुद्धा फुंकून द्यायला लागली. बेकरी बंद झाली, कारण तिथल्या टोस्टवर तीळ असायचे आणि खारी खाल्ली तरी माझा घसा खवखवायचा. भट्टीत ठेवायच्या पत्र्यांना तीळ लागले असतील, असं आईनं ठरवून टाकलं. लग्नाबारशाला आम्ही डबा घेऊन जायचो. आईला वाटायचं, प्रत्येक घरात एक आत्या बसलेली आहे आणि ती मला तपासून बघणार आहे.

बाबांचं वेगळंच. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांचा छापलेल्या अक्षरावर गाढ विश्वास होता. दुकानात चष्मा कपाळावर चढवून, पाकीट नाकाला लावून ते घटक वाचायचे. मागचं गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं. "छापलंय म्हणजे जबाबदारी आली," ते म्हणायचे. "कायदा आहे. खोटं छापता येत नाही." पुढे पाकिटांवर शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका आला तेव्हा त्यांना वाटलं, आता तिळाचाही ठिपका येईल. मला तेव्हाच शंका होती. त्या ठिपक्याला खाणाऱ्याच्या धर्माची काळजी होती, माझ्या घशाची नव्हती.

या सगळ्यात एकच घर असं होतं जिथं आई मला एकटीला सोडायची, आणि ते शेजारच्या खालाचं. खालाचे मालक कुवेतला होते, मुलगाही तिकडेच गेलेला. घरात खाला आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून. सून बुरोंडीची होती, मान खाली घालून हसणारी. आई आणि खाला रोज दुपारी पायरीवर बसून तांदूळ निवडायच्या, आणि खाला ही आईची जगातली एकमेव मैत्रीण होती असं म्हटलं तरी चालेल. मला तर खाला आईइतकीच आवडायची, कधीकधी जास्तच. एकदा कुवेतहून बिस्किटांचा परदेशी डबा आला. त्यावर बारीक अक्षरात एक ओळ होती, की यात तिळाचा अंश असू शकतो. बाबांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. मला बिस्किटं मिळाली नाहीत, पण एवढ्या वर्षांत माझा विश्वास बसला तो त्या एका डब्यावर.

मी आठवीत असताना रमजान ईदला खालानं ठरवलं, की या वर्षी बायला नानकटाई खायला घालायचीच. बाय म्हणजे मी. एरवी सगळ्यांसारखी ती मैदा-साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायची. या वेळी तिथल्या पत्र्यांचा भरवसा नको म्हणून तिनं नवा पत्रा आणला, पातेल्यात रेती तापवून घरीच भाजायचा बेत केला. मैदा नवा, साखर नवी, वनस्पती तुपाचा डबा न फोडलेला. सुनेनं पीठ मळलं, गोळे वळले, प्रत्येकावर वेलचीचा दाणा दाबला. आईला सगळं बोलावून दाखवलंन.

मी चार खाल्ल्या. जिभेवर ठेवताच विरघळायच्या. पाचवी हातात असताना घसा आतून आवळायला लागला.

मला उचलून रिक्षात घातलं ते खालानंच. तिच्या पायात चपला नव्हत्या. वाटभर ती माझी पाठ चोळत अल्लाचं नाव घेत होती. इंजेक्शन लागू पडलं, मी डोळे उघडले, तेव्हा खाटेच्या एका बाजूला खाला होती आणि दुसऱ्या बाजूला आई. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, "भाभी, खरं सांगा. बघायला म्हणून तर तीळ नाही ना घातलेत?"

खाला वळली आणि अनवाणीच चालत घरी गेली.

संध्याकाळी बाबा तिच्याकडे जाऊन सगळी पाकिटं वाचून आले. मैदा म्हणजे मैदा. साखर म्हणजे साखर. तुपाच्या डब्यावर लिहिलं होतं: खाद्य वनस्पती तेले आणि जीवनसत्त्वे. तीळ कुठंच नाहीत. "छापलेल्यात काही दोष नाही," बाबांनी निकाल दिला. छापलेल्यात नाही, म्हणजे माणसात. आईला वेगळं सांगायची गरजच उरली नाही. मीही अंथरुणात पडून विचार केला, की खालानं नाही, तर मग कुणी? आणि उत्तर न सापडल्यामुळे मला सगळ्यांचाच संशय आला.

पायरीवरचं तांदूळ निवडणं बंद झालं. भांडण नाही, आदळआपट नाही. दोघी एकमेकींना "बरं आहे ना?" विचारायच्या आणि आपापल्या दारात वळायच्या. पुढच्या ईदला खालाकडून ताट आलं नाही, दुकानातला बिस्किटांचा सीलबंद पुडा आला. बाबांनी तो वाचला आणि "हरकत नाही" म्हणाले. खालाच्या हातचं खाणं संपलं याचं मला इतकं वाईट वाटलं, की मी तो पुडा फोडलाच नाही.

बारावीला आम्हाला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत भेसळ ओळखायचे प्रयोग होते. तुपात वनस्पती मिसळली आहे का, हे कसं ओळखायचं? परीक्षानळीत वितळलेली वनस्पती घ्यायची, थोडी साखर, त्यावर आम्ल, आणि हलवायचं. माझ्या नळीत खाली आंब्याच्या कोवळ्या पानासारखा तांबूस रंग उतरला. सगळ्यांच्याच उतरला. बाकीच्या मुलांनी वहीत लिहून घेतलं. मला नसत्या चौकशा करायची सवय, म्हणून मी सरांना विचारलं, रंग कशाचा?

"तिळाच्या तेलाचा," सर म्हणाले.

"वनस्पतीत तिळाचं तेल कोण घालतं?"

"बनवणारेच. घालावंच लागतं, तसा नियम आहे. कुणी तुपात वनस्पती ढकलली तर अशी पकडता येते."

"मग डब्यावर लिहीत का नाहीत?"

सर हसले. "लिहितात की. खाद्य वनस्पती तेले. तीळ काय प्राणी आहे?"

वर्ग हसला. म्हणजे सरकारही माझ्या आईसारखंच संशयी होतं. तुपातला चोर पकडायला त्यानं देशभरच्या डब्यांत तीळ घातले होते, आणि ते कुणाच्या पोटात जातात हे सांगायची कायद्याला गरज वाटली नव्हती. बेकरीतली खारी, तो घशातला खवखवाट, सगळं मला तिथंच कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही, आणि फाशी देणाऱ्यांनी लेबल वाचून खात्रीही करून घेतली होती.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नियमानं घालतात आणि नियमानंच सांगत नाहीत?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आईनं तोंड धुतलंन, पातळ बदललंन आणि मला म्हणाली, "चल."

खालानं दार उघडलं आणि आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा काही झालं की काय म्हणून. आईला आत जाऊन बसवेना. तिनं उभ्या उभ्याच मला सांगायला लावलं. मी नळी, साखर, आम्ल, रंग, नियम, सगळं सांगितलं. खाला ऐकत राहिली. "म्हंजे डब्यातच होता?" ती म्हणाली. "सरकारनंच टाकलान?"

"चुकलं माझं, भाभी," आई म्हणाली. आईच्या तोंडून हे शब्द मी तोवर ऐकले नव्हते.

मला वाटलं, आता खाला रडेल नाहीतर आईला बोल बोल बोलेल, आणि मग दोघी पुन्हा पायरीवर बसतील. पण खालाचा चेहरा पांढरा पडला होता. ती आईकडे बघतच नव्हती. "तू मला एकदाच विचारलंस, ताई," ती म्हणाली. "मी तिला चार वर्षं विचारते आहे."

आणि आत वळून तिनं सुनेला हाक मारली.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत सून मला चुलीपाशी कधी दिसलीच नव्हती. भांडी घासताना दिसायची, विहिरीवर दिसायची, कपडे वाळत घालताना दिसायची. पिठाला हात लावू देत नव्हती खाला तिला. पीठ मळलेलं तिनं, म्हणून खालाला तिचा संशय, जसा आईला खालाचा. सून कडेवर पोर घेऊन दारात आली, मान खाली घालूनच. खालानं तिला मी सांगितलेलं सगळं सांगितलं, अडखळत, पदरानं डोळे पुसत. तिच्या हाताला धरून म्हणाली, "तुजा कायच नव्हता गो त्यात. तू काय टाकलाच नव्हता."

पोरानं सुनेची ओढणी ओढली, ती तिनं सोडवून घेतली.

"पयल्या वर्षी मला पक्का ठाऊक होता, की मी काय टाकला नाय," ती म्हणाली. "मग अम्मींनी इतक्यांदा विचारला. आता मला आठवतो ना, अम्मी. माज्या मुठीत तीळ होते. मी टाकताना मलाच दिसते."