पुसलेले ठिपके

विनायकभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलाच्या डब्यासाठी पोळ्या लाटत होते. पलीकडून सुमन, माझी जाऊ, एवढंच म्हणाली, "ताई... हे गेले." त्याला आता दोन महिने झाले. भाऊजी माझे धाकटे दीर. इकडे अमेरिकेत, फ्रिस्कोत मी मुलाकडे राहते, त्यांचं घर गाडीने दहा मिनिटांवर. मला गाडी येत नाही, इंग्रजीही येत नाही, म्हणून मुलगा शनिवारी मला तिकडे सोडायचा. सुमन स्वयंपाकात असली की मी गॅरेजमध्ये भाऊजींच्या बाजूला स्टूलवर बसून राहायची. कुणाशी बोलायला मला जमत नाही, पण बघायला खूप आवडतं.

ट्रकवाले रस्त्यात एकमेकांशी ज्या रेडिओवर बोलतात तो सीबी रेडिओ. त्याला कायद्याने चारच वॅटची ताकद. ती वाढवायला हे लोक ॲम्प्लिफायरची पेटी लावत, आणि ती जळली की भाऊजींकडे घेऊन येत. कायद्यात बसत नाही, असं भाऊजी प्रत्येकाला सांगत आणि मग दुरुस्त करून देत. अर्ल नावाचा दांडगा ट्रकवाला नेहमी यायचा. त्याला पाचशे वॅट हवे असायचे. भाऊजी मला मराठीत सांगत, "वहिनी, ताकद चौपट केली ना, तरी समोरच्या रेडिओवर काटा एकच घर पुढे सरकतो. एकच! याला वाटतं चौपट लांब ऐकू जाईल." मला याचं फार नवल वाटायचं. मग इतका खटाटोप कशाला? सुमन दारातून म्हणायची, "ताई, यांना विचारा, बायकोशी बोलायला किती वॅट लागतात? चारसुद्धा निघत नाहीत." भाऊजी मान खाली घालून हसायचे.

एका शनिवारी ते अर्लच्या ट्रकची वायर बघायला गेले होते. टेबलावरच्या ट्रेमध्ये त्या पेट्यांत बसवायचे ट्रान्झिस्टर होते, आठ आण्याच्या नाण्याएवढे, चारी बाजूंना चपटे पाय. वर धूळ आणि कुठे लाल, कुठे हिरवा, कुठे निळा ठिपका. मला वाटलं रंगाचे शिंतोडे उडालेत. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक लखलखीत केला आणि ओळीत मांडून ठेवले. भाऊजी आले, बघतच राहिले.

"वहिनी, ठिपके?"

"पुसले. घाण होती."

"चाळीसच्या चाळीस?"

"एक राहिला होता... तोही आत्ता पुसला."

ते स्टूलवर बसले. रागावले नाहीत. मग समजावलं. एकाच नंबरचे असले तरी दोन ट्रान्झिस्टर सारखे नसतात, कुणी जास्त वीज ओढतो, कुणी कमी. पेटीत ते जोडीने काम करतात. जोडी जमली नाही की सगळा भार एकावर येतो, तो तापतो, जळतो आणि दुसऱ्यालाही घेऊन जातो. सारखे कोणते, ते त्या ठिपक्यांवरून कळायचं. आणि अर्ल सोमवारी निघणार होता. त्याच्या पेटीत चार लागणार होते.

मला रडू यायला लागलं. भाऊजी म्हणाले, "रडू नका, मोजा." त्यांनी एक मीटर पुढे ठेवला. ट्रान्झिस्टर खाचेत बसवायचा, बटण दाबायचं, आकडा लगेच वाचायचा. हातात धरून ठेवायचा नाही, उबेने आकडा चढतो. आतला पांढरा भाग फुटला तर हात लावायचा नाही, त्याची धूळ विषारी. आकडे मला येतात, चौथीपर्यंत तेवढं पक्कं झालं होतं. शनिवार-रविवार बसून मी चाळीस मोजले, प्रत्येकाचं कागदाचं पाकीट केलं, वर क्रमांक आणि आकडा लिहिला. माझ्या पाकिटांतूनच भाऊजींनी अर्लचे चार निवडले. पेटी चालवून बंद केली आणि मला हात लावायला लावला. चारही बाजूंना सारखीच कोमट होती.

तरी माझ्या मनातली चुटपुट गेली नाही. एखादा आकडा चुकला असेल तर? अर्ल भर रस्त्यात असताना पेटी जळली तर? भाऊजींनी माझ्या पाठीमागे सगळे पुन्हा मोजले असतील का? मोजले असतील तर बरंच, असं वाटायचं... आणि मोजले नसतील तर किती छान, असंही वाटायचं. अर्ल पुढेही येत राहिला, पण त्या पेटीची तक्रार घेऊन कधी आला नाही. मी मात्र विचारलं नाही. इतकी वर्षं विचारलं नाही.

गेल्या शनिवारी सुमनने गॅरेज आवरायला बोलावलं. "ताई, यातलं काय ठेवायचं ते तुम्हालाच कळेल," म्हणाली आणि आत गेली. टेबलाच्या खणात माझी पाकिटं होती, क्रमाने लावलेली. जे ट्रान्झिस्टर वापरले गेले त्यांची रिकामी पाकिटंही त्यांनी टाकली नव्हती. मी पहिलं पाकीट उजेडात धरलं. माझ्या आकड्याखाली भाऊजींच्या बारीक अक्षरात तोच आकडा, मराठीत. दुसऱ्यावर तसंच, तिसऱ्यावरही. म्हणजे मोजले होते. सातव्यावर त्यांचा आकडा वेगळा होता, तो खोडून त्यांनी खाली पुन्हा लिहिला होता, माझाच. अकराव्यापर्यंत असंच.

बाराव्यावर त्यांचं काहीच नव्हतं. मी चष्मा पुसून पाकीट पुढून-मागून पाहिलं. तेरावं काढलं, चौदावं काढलं, मग सगळीच टेबलावर पसरली. बारापासून चाळीसपर्यंत नुसता माझाच आकडा होता.