मामा रक्त देत नव्हते

आमच्या भागात धान घेऊन शेतकरी बाहेरून आले, की इथल्याच लोकांनी दुसऱ्यांचं बघून शेती उचलली, हे सरांना रक्तातून शोधायचं होतं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जवळपास जसंच्या तसं उतरणारं एक गुणसूत्र असतं. ते वाचायचं तंत्र नुकतंच कुठे येत होतं आणि नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत ते धड कोणालाच येत नव्हतं. नमुने मात्र आधीच गोळा करायचे होते. ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, कारण कुहीजवळचं ते धानाचं गाव माझ्या आईचं माहेर.

"जंगल तोडून धानाच्या शेताची पहिली बांधी तुझ्या मामांच्या पूर्वजांनी घातली म्हणतात ना? मग तो नमुना सगळ्यात महत्त्वाचा," सरांनी बजावलं.

गावातल्या पुरुषांनी कुरकुर करत का होईना, हात पुढे केले. मामा तेवढे हाती लागेनात. सकाळी उपास, दुपारी बैलाला बरं नाही, दुसऱ्या दिवशी अंगात कणकण. पेटीतला बर्फ वितळत चालला, एसटीची वेळ झाली आणि माझं डोकं फिरलं. बांधीत धानाची रोवणी चालली होती. मी तिथे गेले आणि शेताच्या कडेच्या धुऱ्यावरूनच ओरडले, "मामा, अख्ख्या गावानं देल्लं, तुमीच काहून मांगं सरून राहिले?"

मामा चिखलातून वर आले. रोवणाऱ्या बायकांना ऐकू जाणार नाही इतकं लांब नेऊन त्यांनी एका दमात सांगितलं. आजी पहिल्या खेपेला माहेरी बाळंत झाली, पण मूल जगलं नाही. तिथेच एक बाई बाळंतपणात गेली होती. तिचं तान्हं पदरात घेऊन आजी सासरी परतली. ते तान्हं म्हणजे मामा. माझी आई नंतरची.

"मले हे तुह्या आजीनं मरतानी सांगतलं. तुह्या मायले बी माहीत नाही. पण माह्या चुलतभावाले वास लागला आहे. त्या नळीतून निंघालं का मी या घरचा नाही, तं तो मले या धुऱ्यावर उभं राहू देईन का वं?"

इतक्यात काही कळणार नाही, असं मी म्हणणार होते. पण कधीच कळणार नाही, असं सांगता येईना. मी चडफडत एसटी गाठली. त्या घराचं रक्त माझ्या आईत, माझ्यात. पण आम्ही बायका, आमच्यात ते गुणसूत्रच नाही. आणि ज्यानं जन्मभर ती बांधी कसली, तो आमच्या हिशेबी परका. असला कसला मेला शेतकऱ्यांचा शोध!

परतल्यावर सरांनी माझी खरडपट्टी काढली. "मामा नाही म्हणतात," एवढंच मी सांगितलं. मग तोड त्यांनीच काढली. चुलतभाऊ चालेल, बापाकडची ओळ एकच. हे चुलतमामा हिंगण्याला कारखान्यात होते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आणि गवत यांतला फरकही त्यांना कळला नसता, पण सरांच्या लेखी अस्सल शेतकरी तेच. शिफ्टच्या आधी ते मोटरसायकलवरून प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी हसत बाही वर सरकवली. सर शेजारच्या टेबलावर लिहीत होते.

"भाऊचं बी घेतलं असंन ना वं?" मी सुई टोचत असतानाच त्यांनी विचारलं. "मंग त्याचं अन् माहं एकच निंघते का नाही, ते कळत असंन तुमाले?"

"घेतलं. कळलं बी," मी म्हणाले. "एकच निंघालं."

त्यांचं हसू मावळलं. बाही खाली करून ते निघून गेले. मोटरसायकलचा आवाज लांब गेला तसे सर खुर्ची मागे सारून उठले. "हे काय सांगितलंस तू त्यांना? त्या मामांचा नमुनाच नाही आपल्याकडे!"

"मला कामावरून काढा सर," मी म्हणाले, "पण कोणी विचारलं तर ते एकच निघालंय."