रुखवतातली वेल

आक्का कागद आधी हुंगायची, मग बघायची. किहीमच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या मडमेने जुन्या ट्रंका रिकाम्या करायला काढल्या होत्या. त्यातले चित्रांचे कागद माळ्याची बायको आमच्या वाडीत घेऊन येई. आक्का पदराला हात पुसून कागद नाकाशी नेई. "हा नवा गं. शाईचा वास मारतोय. परत ने." जुना निघाला तर माळणीला दोन मुठी सुपारी मिळे.

आक्का म्हणजे माझी आत्या. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आणि ते कागद म्हणजे व्हॅलेंटाइनची कार्डे. हल्ली माझा नातू फेब्रुवारीत दुकानातून आणतो तसली, पण आक्काच्या जन्माआधी विलायतेत छापलेली. जाळीदार कडा, बदाम, कबुतरे, उघडले की उभी राहणारी फुले. पंखांच्या बाळांवर तिचा राग होता. "थंडीचा देश म्हणतात, आणि पोरांना साधं अंगडं नाही."

गावात अजून सांगतात, आक्काला साहेबाची पत्रे येत. साफ खोटे आहे. खरे काय ते सांगू शकेल असा आता मीच उरलो आहे, आणि मीही फार दिवस उरणार नाही.

त्या कार्डांवरून आक्का कागद कातरायला शिकली. गावातल्या प्रत्येक लग्नाच्या रुखवतात तिची जाळी असे. मुलाकडचे लोक वाकून वाकून बघत. बघणाऱ्यांत आक्का नसे. विधवेची सावली मांडवात चालत नव्हती, तिने कातरलेली जाळी चालत होती. या निलाजरेपणाची मला आज चीड येते. तेव्हा आली नाही.

माझी बहीण शरू हिचे लग्न ठरले. आक्काने सगळ्यांत आवडते कार्ड काढले. त्यावर बदामाभोवती वळणावळणाची इंग्रजी अक्षरे होती. तिला इंग्रजी येत नव्हते. मी मॅट्रिक झालो होतो.

"बापू, ही वेल आहे की अक्षरं रे?"

"माझी हो" असे लिहिले होते. विधवा आत्यासमोर ते उच्चारायची मला लाज वाटली. "काही नाही गं," मी म्हणालो. "नक्षी आहे."

तिने ती वेल हुबेहूब कातरली आणि ती रुखवताच्या मधोमध लागली.

मुलाचा काका मुंबईत कारकून होता. त्याने वाचले आणि व्याह्यांच्या कानात सांगितले. पुरुषांचे चेहरे बदलले. विहीणबाई हसून म्हणाल्या, "वेल बरीच लांब गेल्ये हो तुमची." दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सर्वांदेखत विचारले, "तुला ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हणालो. तोंडातून एवढेच निघाले.

लग्न पार पडले. वऱ्हाड गेल्यावर दादांनी आक्काला सगळी कार्डे न्हाणीच्या चुलीत घालायला लावली, तिच्याच हातांनी. ती एकेक कार्ड उचलायची, हुंगायची आणि आत सारायची. काय लिहिले होते ते तिला कोणी सांगितले नाही. बाईमाणसापुढे बोलण्यासारखे नव्हते म्हणे. शिक्षा देण्यासारखे मात्र होते.

तिला म्हसळ्याला, लांबच्या नात्यातल्या एका घरी स्वयंपाकाला पाठवायचे ठरले. पुढे तिथेच ती वारली. पुन्हा तिने कातर हातात धरली नाही, असे ऐकले.

निघताना ती बैलगाडीत बोचके मांडीवर घेऊन बसली होती. दादा जवळच उभे होते. तिने मला खुणेने बोलावले.

"बापू, आता तरी सांग. काय होतं रे त्या वेलीत?"

मी दादांकडे पाहिले. "काही नाही, आक्का. नक्षीच होती."

तिने बोचक्याची गाठ आवळली.

"मग नक्षीपायी घालवतायत होय मला?"