अप्पांचं खरं नाव

वाचून हसणार असाल तर खुशाल हसा, मीही हसलोच असतो. शिरूर अनंतपाळात माझं किराणा-भुसाराचं दुकान आहे. भूत, करणी, अंगात येणं... असलं सांगणाऱ्याला मी चहासुद्धा पाजत नाही. सगळे रिकामटेकडे धंदे!

माझे वडील अप्पा, वय चौऱ्याऐंशी. अठ्ठेचाळीस सालच्या, निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, सहा-सात वर्षांचे असताना, माझ्या आजोबांना ते ओढ्यात डोकं फुटलेले सापडले. आधीचं काहीच आठवत नव्हतं — नाव नाही, आई नाही. आम्ही लिंगायत; आजोबांनी गळ्यात लिंग बांधलं, शिवप्पा नाव ठेवलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं. पण अप्पांचा एकच धोशा — ‘मरायच्या आधी माझं खरं नाव कळाय पायजे बाबा.’

गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, माळ्यावरून पोतं काढताना मी डोक्यावर आपटलो. पुढचे दोन तास मला आठवत नाहीत. बायको आणि अप्पा समोरच होते, त्यांनी सांगितलं तेच लिहितो.

शुद्धीवर आलो तर बायकोला ओळखेना. पोत्यांमागं घुसून बारीक आवाजात किंचाळायला लागलो — ‘अम्मी को मत काटो! मेरेकू मत मारो!’

अप्पांनी विचारलं, ‘तू कोण रे लेकरा?’

‘इस्माईल. पिंजारे का बेटा. परसों मेरी सुन्नत है.’

आणि मग सगळं भडाभडा ओकलो. निजामाच्या रझाकारांचा सूड गरीब मुसलमानांवर काढायला आलेली माणसं. कुऱ्हाडीच्या एका घावात अब्बाची मान लोंबली. अम्मीनं धाकटीला छातीशी धरलेलं, भाला दोघींतून आरपार गेला. एकानं माझे केस धरून डोकं दगडावर आपटलं. मी त्याची करंगळी चावून तोडली, तोंडभर रक्त... ‘फिर वो रोने लगा. मेरेकू उठाको लेगया.’

आजोबांच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. कडबा तोडताना गेली, असं ते मरेपर्यंत सांगत आले होते.

लातूरला डोक्याचा स्कॅन केला. किरकोळ मार, म्हणे! मी मात्र घरी येऊन आजोबांवर भडकलो, ‘मुडदा बशिवला त्या म्हाताऱ्याचा! फोटो फेकून देतो भिंतीवरचा!’

‘ऱ्हाऊ दे,’ अप्पा म्हणाले. ‘मारणाराबी त्योच, तारणाराबी त्योच. म्या काय करू, सांग?’ आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले.

महिन्याभरात त्यांनी अंथरूण धरलं. शेवटी ‘अप्पा’ म्हटलं तर डोळे उघडेनात. मी कानाशी वाकून ‘इस्माईल’ म्हणालो. लगेच म्हणाले, ‘जी, अम्मी.’

आमच्यात मेलेल्याला बसवून पुरतात. पण त्यांनी मला आधीच बजावलं होतं — ‘मला बसवू नगा. लई दमलो. निजवा.’ भावकीनं शिव्या घातल्या, विधी करणारे जंगम स्वामी आले नाहीत. मी खड्डा लांब खोदून घेतला, लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि आमच्याच शेतात त्यांना निजवलं.

जे खुद्द त्यांनाही ठाऊक नव्हतं, ते माझ्या तोंडून कसं निघालं... मला अजून कळलेलं नाही. भावकी विचारते, ‘कुणाला पुरलंस रे तू तिथं?’

माझ्या बापाला, एवढंच सांगतो.