गाडीखालचं लाल पाणी

महिपत देवरुखकरांना संशय घ्यायचा पगार मिळायचा, असं म्हटलं तर खोटं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. आलेला माल मोजायचा, गेलेला मोजायचा आणि मधल्या प्रत्येक माणसाकडे चष्म्यावरून बघायचं, हेच काम. रिटायर झाले, पगार थांबला, पण संशय कुठला थांबतोय? तो त्यांच्याबरोबर घरी आला. दूधवाला पाणी घालतो, लिफ्टवाला पार्ट बदलतच नाही, इस्त्रीवाला त्यांचे शर्ट स्वतः घालून हिंडतो. देवळात गेले तर एक चप्पल या कोपऱ्यात आणि दुसरी त्या कोपऱ्यात. बायको रतन आता त्यावर हसायचीही बंद झाली होती.

गाडी मात्र त्यांनी जीव लावून घेतली होती. डावा गुडघा कामातून गेलेला, क्लच दाबणं जमेना, म्हणून सेकंडहँड पण ऑटोमॅटिक. त्यामागे एक हट्ट होता. मुलगी ऐश्वर्या डोंबिवलीला दिलेली, पहिलंच बाळंतपण. तिला बाळकुमला माहेरी आणायची ती बापाच्या गाडीतूनच. जावई मितेश म्हणाला, बाबा, मी सोडतो की. महिपतरावांनी ते हसण्यावारी नेलं. रविवार ठरला.

आणि त्याच आठवड्यात, अवसेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीखाली लाल पाणी दिसलं.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, गाडी गळतेय. महिपतरावांच्या डोक्यात ते आलंच नाही. हळदीत चुना कालवला की अस्संच लाल पाणी होतं, ते माणसावरून ओवाळायचं आणि ज्याच्या दारात ओतलं त्याच्यामागे पीडा लागते, हे त्यांनी गावी लहानपणापासून ऐकलेलं. त्यांनी मान वर केली. गाडीला लागूनच तळमजल्यावरच्या शांताबाईंची खिडकी. त्यांचा नातू नील आपल्या पार्किंगमध्ये सायकल लावतो म्हणून महिपतरावांनी सोसायटीत तक्रार केलेली. आणि ही बाई दर शनिवारी त्याच नातवाची दृष्ट काढते, सगळ्या बिल्डिंगला मिरच्यांचा खकाणा. झालं, सगळं जुळलं.

कोणाला न सांगता त्यांनी ते फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बंपरला लिंबू-मिरची टांगली, तरी पुन्हा. त्यात नेमकी शांताबाईंनी ऐश्वर्यासाठी लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी पाठवली. महिपतरावांनी ती उघडूसुद्धा दिली नाही. परत देऊन ये म्हणाले, पोरीला पित्त होतं म्हणून सांग. रतनने खूप समजावलं, शेवटी मान खाली घालून बरणी नेऊन दिली. शांताबाईंनी बरणी घेतली आणि दार लोटलं.

शांताबाईंचा मुलगा प्रभाकर पार्किंगमध्ये भेटला तेव्हा आपणहून म्हणाला, "काका, तुमच्या गाडीचं गिअरचं ऑइल गळतंय. ऑटोमॅटिकचं लाल असतं. नाक्यावरच्या प्रीतम मेकॅनिकला दाखवा, तोवर लांब नेऊ नका."

बघा, म्हणजे याला रंगही ठाऊक. आईचं पाप झाकायला आलाय, वर त्या प्रीतमकडून कमिशन खाणार. महिपतराव बघतो म्हणाले आणि त्यांनी मनात ठरवलं, आता मुद्देमालासकट पकडायचं.

संध्याकाळी त्यांनी रतनचा रांगोळीचा डबा उचलला आणि गाडीभोवती अखंड रिंगण घातलं. कोणी पाय टाकला की उमटणारच. पोरं फिदीफिदी हसली, वॉचमनने विचारलं, काही पूजा आहे का. सकाळी येऊन बघतात तर रिंगण जसंच्या तसं, कणही हललेला नाही, आणि मधोमध लाल थारोळं, कालच्याहून मोठं.

एवढा हिशेब स्टोअरकीपरला कळतो. बाहेरून कोणी आलं नाही, म्हणजे जे आलं ते गाडीतूनच. गुडघा सांभाळत ते जमिनीवर आडवे झाले, हात आत घातला आणि वरून एक थेंब बोटावर पडला. तेलकट, चिकट. लाज वाटली, फार वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय जातो होय? तो शांताबाईंवरून उठला आणि मेकॅनिकांवर जाऊन बसला.

प्रभाकरच्या ओळखीचा तर नकोच. ते गाडी घेऊन कल्याण-शीळ रोडवरच्या एका मोठ्या वर्कशॉपला निघाले. शीळफाट्याला गाडीने दगा दिला. पाय दाबावा तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलेना. मागून ट्रेलरचे हॉर्न. आरशात रिकामी मागची सीट दिसली. आत्ता तिथे ऐश्वर्या असती तर?

कशीबशी गाडी पोचली. तिथल्या टाय लावलेल्या मॅनेजरने खाली वाकूनही न बघता सांगितलं, पूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागेल. त्याने सांगितलेल्या आकड्यात बाळंतपणाचं हॉस्पिटल आलं असतं. हे लुटारू आहेत, हा एक तरी संशय खरा निघाला म्हणून महिपतरावांना बरंच वाटलं. कमी पडलेलं ऑइल तेवढं भरून घेतलं आणि गाडी हळूहळू परत बाळकुमला आणली, ती थेट प्रीतमच्या दारात.

प्रीतमने गाडी वर उचलली, टॉर्च मारला. चाकाकडे जाणारा दांडा गिअरबॉक्समधून जिथे बाहेर येतो, तिथलं रबरी सील कडक होऊन चिरलं होतं. सील बदलू, ऑइल नवीन भरू, बाकी काही नाही म्हणाला. एवढ्या स्वस्तात? मग यात नक्की काहीतरी गोम आहे. महिपतराव शेजारीच स्टूल टाकून बसले. नव्या सीलचं पाकीट समोर फोडायला लावलं, ऑइलच्या डब्याचं बूच स्वतः उघडलं, जुनं सील खिशात घातलं. घरी गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरला. सकाळी तो कोराच होता. त्यांनी तो उलटा करूनही बघितला.

रविवारी ऐश्वर्या आली. बापाच्या गाडीतून, पाठीला उशा लावून, शीळफाटा झोपेतच ओलांडून. गाडी लावताना महिपतरावांनी बघितलं, शांताबाईंची खिडकी बंद होती. जाऊन माफी मागावी असं फार वाटत होतं. पण सांगायचं काय? तुम्ही करणी करता असं वाटलं, म्हणून?

सोमवारी सकाळी ते सवयीने खाली गेले. पुढच्या चाकापाशी लाल ओल. महिपतरावांना राग आला. फसवलंच शेवटी, प्रीतम आणि प्रभाकर मिळालेलेच होते. गुडघा टेकून त्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं. तेलाचा वास नव्हता. हळदीचा होता. शेजारी भाकरीचा तुकडा पडला होता, त्याला मुंग्या लागलेल्या.

"मीच टाकलं ते." खिडकीत शांताबाई उभ्या होत्या. "पोरगी जड अंगाने एवढ्या लांबून आली, रतनचं लक्ष सामानात. मी जिन्यापाशीच ओवाळलं तिला. तुम्ही गाडी लावत होता. पाणी नंतर चाकापाशी ओतलं, वाटेतली नजर चाकाबरोबर जावी म्हणून. नको असेल तर पुसून घेते."

"राहू दे," महिपतराव म्हणाले. उठवेना, म्हणून चाकाला धरून उठले. डोळे भरून आले होते, ते लपवायचंही सुचलं नाही. "शांताबाई, ती लोणच्याची बरणी आहे का अजून?"



"आहे. आधी चाखून दाखवू का?"

महिपतरावांनी नको म्हणून मान हलवली. मग वळसा घालून ते त्यांच्या दारात गेले आणि दोन्ही हात पुढे करून उभे राहिले.